तिने तुम्हाला सांगितलं, आता पुढे काय? घरातली हिंसा सोसणाऱ्या बाईच्या सोबतीला उभ्या राहणाऱ्या कोकणातल्या माणसांसाठी

हा लेख शेजारणीसाठी आहे, वहिनीसाठी, मावशीसाठी. बचत गटाच्या अध्यक्षांसाठी, आशाताईंसाठी, अंगणवाडी सेविकेसाठी, शाळेतल्या बाईंसाठी. घरात मार खाणारी बाई आधी वकिलाकडे जात नाही, पोलीस ठाण्यातही जात नाही. ती अशाच कुणाकडे तरी येते, आणि बऱ्याच जणी कुणाकडेच जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के बायकांनी कुणाला सांगितलंही नव्हतं आणि मदतही मागितली नव्हती. मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के. त्यातल्याही बहुतेक आपल्या माहेरच्या माणसांकडे गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या.

म्हणून तुमच्याकडे कुणी तोंड उघडलं असेल, तर तुम्ही काय बोलता आणि काय करता याला फार वजन आहे. आधीच एक गोष्ट स्पष्ट करते. तिचा संसार वाचवणं हे तुमचं काम नाही, मोडणं तर नाहीच. ती जिवंत राहावी, आणि तिला पुन्हा तुमच्याकडे येता यावं, एवढं आपलं काम. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे

‘तो हात उचलत नाही ना, मग काय एवढं?’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात शारीरिक छळाबरोबर लैंगिक छळ आहे, शिव्या आणि मानसिक छळ आहे, आणि पैशाची कोंडीही आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, यांपैकी कुणीही त्याचा आधार घेऊ शकते, मग धर्म कुठलाही असो.

पैशाची कोंडी कोकणात नीट बघायला शिकलं पाहिजे, कारण ती आपल्याला ‘रीत’ वाटते. नवरा मुंबईला, पगार सासूच्या खात्यात, आणि सुनेला साबणाची वडी हवी तरी हात पसरायचा. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये तिच्या नावावर येतात, पण एटीएम कार्ड आणि फोन नवऱ्याच्या खिशात. मासळी विकणारी बाई पहाटे बंदरावर लिलावात उभी राहते, दिवसभर टोपली डोक्यावर घेऊन वाड्या पालथ्या घालते, आणि संध्याकाळी गल्ला नवऱ्यापुढे ओतते. चार पैसे कमी पडले की रात्र वाईट जाते. आखातात असलेला नवरा दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल करून घरात कोण आहे ते फिरवून दाखवायला लावतो. नवरा गेल्यावर दीर म्हणतो, घर आमच्या नावावर आहे, तू माहेरी जा. ही सगळी हिंसाच.

लैंगिक छळाबद्दल बाई स्वतःहून बोलणार नाही, आणि तुम्हीही खोदून विचारू नका. एवढं माहीत असू द्या, की सज्ञान पत्नीवरच्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा अजून बलात्कार मानत नाही, पण 2005 च्या कायद्यात तो छळ आहे आणि त्यासाठी संरक्षण मागता येतं.

‘दारू पिऊन मारतो हो, एरवी देवमाणूस.’ दारूने भर पडते, हे खरं. पण तोच माणूस बोटीवर तांडेलाच्या अंगावर जात नाही, मुकादमाला कानफटात मारत नाही. कुणाला मारायचं ते त्याला प्यायल्यावरही कळतं. त्याची दारू सुटली तर आनंदच आहे, पण दारू सुटली म्हणजे ती सुरक्षित झाली असं धरून चालू नका.

पहिली पायरी: ऐकणं, आणि कुठे ऐकायचं

वाडीत कान फार. घरातल्या पडवीत बसून हे बोलणं होत नाही. गिरणीत दळण टाकून थांबल्यावर, रेशनच्या रांगेनंतर, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात, बचत गटाची बैठक संपून सगळ्या पांगल्यावर, अशा जागा बऱ्या. तिथे बाईला येण्याचं कारण असतं, कुणाला संशय येत नाही.

कुडाळकडच्या एका काजूच्या कारखान्यातली दुपार मला आठवते. डब्यांची सुट्टी झाली होती. एक जण डबा न उघडता बसली होती, काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं पदराला पुसत. शेजारची काही विचारत नव्हती. तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी काढून हिच्या झाकणावर ठेवली आणि तिथेच बसून राहिली. बऱ्याच वेळाने ही म्हणाली, ‘माका घराक जाऊचा नाय.’ शेजारची म्हणाली, ‘बरा. आज माझ्या वांगडा चल.’ काय झालं, कुणाची चूक, कधीपासून, असलं काहीच तिने विचारलं नाही. पहिल्या दिवशी ऐकणं याहून जास्त लागत नाही.

काय बोलावं? ‘बरं केलंस सांगितलंस.’ ‘यात तुझी चूक नाही.’ ‘आज रात्री घरी जायची भीती वाटते का?’ ‘मी काय करू म्हणजे तुला बरं पडेल?’ बस. काय बोलू नये ते मात्र जरा लांबवून सांगते, कारण ते आपल्या जिभेवर तयार असतं. ‘तू काय बोललीस त्याला?’ ‘आम्ही पण सोसलंच ना.’ ‘पोरांसाठी तरी राहा.’ ‘एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंस?’ आणि दुसऱ्या टोकाचं, ‘आत्ताच्या आत्ता सोड त्याला.’ हे शेवटचं वाक्य मायेपोटी येतं, पण ते ऐकलेली बाई दोन दिवसांनी परत गेली, की तुमच्यासमोर यायला लाजते. तिथे तुमची सोबत तुटते.

तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नका. नवऱ्यालाही नाही, तिच्या आईलाही नाही. एसटीत फोनवर तिचं नाव घेऊन बोलू नका. मागच्या सीटवर तिच्या नणंदेची जाऊ असू शकते. याला दोन अपवाद. तिचा जीव आत्ता धोक्यात असेल, तर आधी मदत बोलवा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीचा क्रमांक 1098.

दुसरी पायरी: धोका किती, ते विचारा

सगळ्या घरांतला धोका सारखा नसतो. काही गोष्टी थेट विचाराव्या लागतात, आणि विचारताना आवाज चढवायचा नसतो.

त्याने कधी गळा दाबला का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या बाईचा गळा एकदा दाबला गेला आहे, तिचा पुढे त्याच माणसाच्या हातून जीव जाण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. बाहेरून मानेवर खूण दिसेलच असं नाही. आत सूज येऊन काही तासांनी, कधी दिवसांनीही त्रास होऊ शकतो. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके असतील, तेव्हा शुद्ध गेली असेल किंवा कपड्यात लघवी झाली असेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्या.

मग बाकीचं. कोयता, सुरी, रॉकेल दाखवून धमकी दिली का? ‘तुला मारून मी पण जीव देईन’ असं म्हणतो का? ती गरोदर आहे का, आणि तरीही मारतो का? मार वाढत चालला आहे का? ती जाईल तिथे मागे येतो का, कामाच्या ठिकाणी फेऱ्या मारतो का? मुलांवर, गुरांवर हात टाकतो का? यातल्या दोन-तीन गोष्टींना ‘हो’ आलं, तर ही ‘नवरा-बायकोची भांडणं’ नाहीत हे समजून चाला.

आणि हेही विचारा: ‘जीव द्यावा असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आत असला तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटी सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक 14416, तो रात्रंदिवस चालू असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती घर सोडायला निघते तो काळ, आणि त्यानंतरचे काही आठवडे, सगळ्यात घातक असतात. हातातून निसटते आहे असं दिसलं की असा माणूस चवताळतो. म्हणून ‘निघ’ म्हणण्याआधी तयारी.

तिसरी पायरी: तयारी, कोकणातल्या वाटेच्या हिशोबाने

शहरातले सल्ले इथे लागू पडत नाहीत. आपली घरं एकमेकांपासून लांब, मधे गडगे आणि काजूची झाडी. रात्री एसटी नाही. पावसात फोनला रेंज नाही आणि पऱ्याला पाणी आलं की वाट बंद. तेव्हा तिच्याबरोबर बसून तिच्या घरापासून प्रत्यक्ष विचार करा. रात्री दोन वाजता निघावं लागलं तर कुठलं दार? कुत्रा भुंकेल का? बॅटरी कुठे आहे? कुठल्या घराशी जायचं, आणि त्या घरातल्या बाईला हे आधीच माहीत आहे का? वाडीत रिक्षा किंवा ओमनी कुणाकडे आहे, आणि तो माणूस तोंडाचा घट्ट आहे का? नवऱ्याच्या भावकीतला रिक्षावाला चालणार नाही, भाडं कमी घेत असला तरी.

भरदिवसा, सगळ्यांसमोर निघणं पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं. दवाखाना, बँक, मुलाचा शाळेचा दाखला, यांतलं कुठलंही कारण पुरतं. नाहीतर वस्तीची गाडी: रात्री गावात मुक्कामाला आलेली एसटी पहाटे तालुक्याला निघते, तेव्हा घर झोपेत असतं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे फार पैसे गाठीशी नसले तरी तालुक्यापर्यंत पोचता येतं. गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ असू द्या, कागदावर नको.

कागदपत्रं घरातून एकदम हलवू नका. रिकामी पेटी त्याच्या लक्षात येते. आधी झेरॉक्स, मग एकेक मूळ कागद. तिचं आणि मुलांचं आधार, रेशन कार्डाची प्रत, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे जुने केसपेपर. लग्नाची नोंदणी नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो कामाला येतात. अंगावरच्या आणि माहेरच्या दागिन्यांची यादी करा. लग्नातला ते घातलेला फोटो जोडला तर उत्तम, कारण स्त्रीधन परत मागताना हाच आधार. हे सगळं तिच्या माहेरी ठेवू नका. तो आधी तिथेच शोधायला जातो. तुमच्याकडे, किंवा बचत गटातल्या एखादीच्या तांदळाच्या पिंपात.

फोनचं काम जपून. त्याने तिच्या व्हॉट्सअॅपला दुसरं यंत्र जोडलं आहे का, ते ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये बघता येतं. गुगलचं खातं त्याने काढून दिलेलं असेल तर ती कुठे आहे हे त्याला दिसत असण्याची शक्यता धरा. पण हे सगळं घाईने बंद करू नका. अचानक बंद झालं की त्याला कळतं. मदतीचे फोन तिने तुमच्या फोनवरून करावेत. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव ‘गॅस एजन्सी’ असं ठेवायला काय हरकत आहे?

एक खुणेचा शब्द ठरवा. ‘कोकमं सुकली का?’ असा संदेश आला की समजायचं, आत्ता माणूस पाठवा. हा शब्द दोघी-तिघींनाच माहीत हवा, आणि त्या सगळ्यांनी काय करायचं तेही आधी ठरलेलं हवं. मुलांना फक्त एवढं शिकवा: मधे पडायचं नाही, धावत अमक्या काकूंकडे जायचं.

मार पडला तर, त्याच रात्री

112 ला फोन करा, गाव, वाडी आणि ओळखीची खूण सांगा: शाळा, देऊळ, साकव. रुग्णवाहिकेसाठी 108. महिलांसाठीची मदतवाहिनी 181. गाडी पोचायला वेळ लागेल हे धरून तोवर तिला गर्दीत आणा. उजेडात, दोन-चार माणसांत. तुम्ही एकट्याने त्याला आवरायला जाऊ नका, विशेषतः हातात कोयता असेल तर.

रुग्णालयात ‘पडले’ असं सांगितलं तर केसपेपरवर ‘पडले’ असंच लिहिलं जातं, आणि पुढे कोर्टात तेच वाचलं जातं. तिची तयारी असेल तर कुणी मारलं, कशाने, केव्हा, हे डॉक्टरांना सांगावं आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंद करून घ्यावी. तक्रार केली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. फाटलेले, रक्त लागलेले कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात. जखमांचे फोटो त्या दिवशी काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण काळंनिळं नंतरच वर येतं.

चौथी पायरी: कायद्याच्या दोन वाटा

इथे लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगते.

पहिली वाट 2005 च्या कायद्याची. तिला शिक्षा नको, पोलीस नकोत, फक्त मार थांबावा आणि घरात राहता यावं, असं वाटत असेल तर ही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. ते महिला व बालविकास खात्याचे. ते कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहून तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि तिच्या अर्जाला मदत करतात. ही माहिती तिनेच द्यायला हवी असं नाही. शेजारीही देऊ शकतात, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर कायदा माहिती देणाऱ्याला जबाबदार धरत नाही. कोर्टाकडे काय मागता येतं? त्याने मारू नये, तिच्या कामाच्या जागी येऊ नये, असा संरक्षण आदेश. घरातून न काढण्याचा आदेश. पोटगी आणि औषधोपचाराचा खर्च. मुलांचा ताबा. स्त्रीधन. नुकसानभरपाई. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं. म्हणून वकिलांना अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायला पहिल्याच दिवशी सांगा. परिस्थिती गंभीर असेल तर नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तो देता येतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘घर माझ्या बापाच्या नावावर आहे, तुझा इथे काय संबंध?’ कोकणातलं प्रत्येक दुसरं घर आजोबांच्या नावावर आणि सहहिस्सेदारांत अडकलेलं असतं, त्यामुळे या वाक्याला बायका घाबरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की ती सून म्हणून जिथे नांदली ते घर सासरच्या नातेवाइकांच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. घराची मालकी तिला मिळत नाही. पण तिला सहज हुसकावूनही लावता येत नाही.

दुसरी वाट फौजदारी. पूर्वीचं 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85: नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ही तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, सोयरिकीच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. शेजाऱ्याच्या तक्रारीवर या कलमाखाली पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. ठाण्यात नुसती ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली, किंवा ‘आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवलं, तर भांडू नका. तक्रार लेखी करून जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तरीही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. गुन्हा नोंदला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.

दोन्ही वाटा एकत्र धरता येतात. कुठली धरायची, आणि केव्हा, ते तिने ठरवायचं.

वकिलाचे पैसे नाहीत, ही अडचण नाही. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच समितीचं कार्यालय असतं. जिल्ह्याचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गासाठी ओरोसला, रायगडसाठी अलिबागला. दूरध्वनी 15100. राहायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत सोय होते, तिथेच समुपदेशन आणि पोलीस-वकिलांशी गाठ घालून देतात. पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन. बरोबर मोठा मुलगा असेल तर त्याला घेतील का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

नवरा मुंबईला, बाई गावाला, किंवा उलट

लग्न गावचं, संसार विरार-नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला, मार तिथे, आणि बाई रातोरात कोकणकन्याने माहेरी आलेली. मग ठाण्यात सांगतात, ‘घटना तिकडची, तिकडेच जा.’ हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे, की सासरहून निघून किंवा हाकलल्यावर बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही क्रूरतेची तक्रार चालू शकते. 2005 च्या कायद्याखालीही ती तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज चालतो. आणि गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येतो.

ती मुंबईतच राहणार असेल, तर तिथली सोय जास्त जुनी आणि पक्की आहे. पोलीस ठाण्यांतून चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत सुरू केले. महापालिकेच्या रुग्णालयातलं ‘दिलासा’ केंद्र 2001 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उघडलं. ड्रेसिंगला जाते म्हणून घरातून निघालेली बाई तिथे बोलू शकते.

कोकणी मुस्लिम घरांतल्या बायकांना फोनवरच्या तलाकची धमकी असते. एका दमात तीन वेळा म्हटलेला तलाक 2019 च्या कायद्याने निरर्थक आहे आणि म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा आखातात असला तरी इथल्या घरातून तिला काढणाऱ्या सासरच्यांविरुद्ध इथल्याच कोर्टात दाद मागता येते.

गावकी, भावकी आणि देवासमोरची शपथ

यावर मला मनापासून बोलायचं आहे. वाडीची बैठक बसते. पुरुष ओटीवर, चहाचे कप फिरतात, बाई माजघराच्या दाराआड उभी. नवरा मान खाली घालून ‘चुकलो’ म्हणतो, ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शपथ घेतो. मानकरी म्हणतात, झालं गेलं विसरा. तिला कुणी विचारत नाही. आणि ज्याची वाडीसमोर मान खाली गेली, तो त्याचा राग कुणावर काढणार, हे त्या ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

गावकीने कोकणात पाणवठे बांधले, पाखाड्या बांधल्या, उत्सव टिकवले. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण बांधाचं भांडण आणि बाईचा मार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधाच्या भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते. इथे एकाला दुसऱ्याची भीती आहे, आणि भीतीत केलेला समेट फक्त मारणाऱ्याच्या सोयीचा असतो. त्यामुळे तंटामुक्ती समितीकडे किंवा बैठकीकडे असं प्रकरण तुम्ही स्वतः नेऊ नका.

बैठक टळतच नसेल, तर निदान एवढं करा. तिला विचारून, ती हो म्हणाली तरच. तिच्या बाजूने दोन बायका ओटीवर बसलेल्या हव्यात, दाराआड नव्हे. जे ठरेल ते कागदावर. त्यात ‘तक्रार मागे घेते’ किंवा ‘पुढे कोर्टात जाणार नाही’ असं वाक्य आलं तर सही करू देऊ नका. गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, तिचीही श्रद्धा असते. पण रुग्णालयात जायचं की नाही, यासाठी कौल लावत बसू नका.

ठाण्यात गेल्यास वाळीत टाकू, अशी धमकी आली तर सांगा, की महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस पाटलांना ही धमकी लेखी कळवा. सणाला बोलावणं बंद, विहिरीवर मज्जाव, देवळात मान नाही, यांतलं जे होईल ते तारखेनिशी लिहून ठेवा.

नंतरचे महिने, आणि ती परत गेली तर

तक्रारीच्या दिवशी दहा जणी बरोबर येतात. चौथ्या तारखेला कुणीच नसतं. खरी सोबत इथे लागते. तारखेला कोण जाणार याची पाळी लावा. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते, तेव्हा गटाच्या अंतर्गत कर्जातून तिला थोडी रक्कम देता येईल का ते बघा. तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडून द्या, दुसऱ्या बँकेत, आणि लाडकी बहीणचे पैसे तिथे वळवता येतात का ते विचारून घ्या. मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, की कोर्टाचा आदेश काय आहे आणि मुलांना न्यायला कोण येईल.

तुमचीही काळजी घ्या. त्याच्याशी एकट्याने बोलायला जाऊ नका, तुमच्या घरी ती आहे हे फोनवर कबूल करू नका, धमकी आली तर तुमच्या नावानेही तक्रार द्या. हे काम एकीने करू नये. दोघी-तिघी असाव्यात, म्हणजे एखादीला थकायची मुभा राहते.

ती परत जाईल. सगळ्याच नाही, पण पुष्कळ जणी जातात, काही जणी अनेकदा. पोरं, पैसा, गणपतीला मखरासमोर सगळं घर एकत्र हवं ही ओढ, आणि कधी कधी त्या माणसावरचं प्रेमही. रागावू नका. जाताना एवढंच ठरवून घ्या: खुणेचा शब्द तोच, कागद माझ्याकडेच, बॅटरी दारामागे. महिन्याच्या बैठकीला येशील तेव्हा भेटू. ती बैठकीला आली नाही, तर हप्त्याचं पुस्तक घेऊन तुम्ही तिच्या घरी जा आणि सही तिच्याच हाताने घ्या, म्हणजे तिला डोळ्यांनी बघता येतं.